बिघडू लागलेल्या संगणकातून फोटो सुखरूप बाहेर काढताना

घरातला संगणक सुरू व्हायला एकाएकी फार वेळ घेऊ लागला, फोटोंचे फोल्डर उघडताना गोठू लागला किंवा त्याच्या पेटीतून टक्‌टक् असा ठरावीक आवाज येऊ लागला, की बहुतेक लोक आधी दुरुस्तीच्या मागे लागतात. कोणी विंडोज नव्याने टाकून पाहतो, कोणी अँटिव्हायरस चालवतो, तर कोणी डिस्क ‘साफ’ करणारे एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतो. बिघाड डिस्कचाच असेल, तर यातली प्रत्येक खटपट तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होते. म्हणून पुढचा सगळा क्रम एकाच हिशेबावर बेतलेला आहे: डिस्क जोवर वाचता येते आहे, तोवर तिच्यातून फक्त फोटो काढून घ्यावेत, तेही शक्यतो एकदाच, आणि सर्वांत मोलाचे सर्वांत आधी.

दुखणे नेमके कुठे आहे, हे आधी ओळखावे. संगणक अजिबात सुरूच होत नसेल, पंखा फिरून लगेच थांबत असेल किंवा पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात, रॅममध्ये किंवा मदरबोर्डवर असण्याची शक्यता मोठी असते आणि अशा वेळी डिस्क बहुधा ठणठणीत असते. ती काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने (डिस्कची साटा जोडणी यूएसबीत बदलून देणाऱ्या जोडणीने) दुसऱ्या संगणकाला जोडली, की फोटो समोर दिसतात. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीतून मिळणाऱ्या विजेवर चालते, पण डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, त्यामुळे अडॅप्टर घेताना त्याच्याबरोबर वीजजोडणी आहे ना, हे पाहून घ्यावे. अलीकडच्या बऱ्याच मॅकमध्ये साठवण बोर्डालाच जोडलेली आणि त्या यंत्राच्या चिपशी सांकेतिक कुलूप घातलेली असल्यामुळे हा मार्ग तिथे उपयोगी पडत नाही.

संगणक चालतो आहे, पण रेंगाळतो आणि अडखळतो, असे असेल तर मात्र संशय डिस्कवरच घ्यावा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवते. त्यांना स्मार्ट नोंदी म्हणतात आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल या साधनाने त्या वाचता येतात. त्यांत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. त्या अनुक्रमे बदली कराव्या लागलेल्या, वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेल्या आणि दुरुस्त न होऊ शकलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या लहान कप्प्यांची, संख्या सांगतात. हे आकडे शून्यावरून वर चढत असतील, तर इशारा स्पष्ट आहे. मात्र ते शून्य आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य स्मार्ट नोंदींत कोणतीही खूण दाखवलेली नव्हती. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर साठवणारी डिस्क, तर आवाजही करत नाही; ती कधी केवळ वाचण्यापुरती उरते, तर कधी एका सकाळी संगणकाला दिसेनाशीच होते.

आवाजाबद्दल मात्र वेगळे आणि ठामपणे सांगायला हवे. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड तबकडीच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. टक्‌टक् आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते हेड जागा शोधताना चुकत असते, आणि खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर ते तबकडीला घासत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वीज तोडावी आणि घरगुती प्रयत्न तिथेच थांबवावेत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याची ऐकीव युक्ती करू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव साचते. डिस्कचे झाकणही उघडू नये, कारण धुळीचा एक कण हेडच्या त्या उंचीपेक्षा कितीतरी मोठा असतो. फोटो खरोखरच इतरत्र कुठेही नसतील, तर धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडे डिस्क सोपवावी. ही सेवा महाग असते, पण घरी आधी जितकी कमी झटापट झालेली असेल तितकी तिथे यशाची शक्यता जास्त असते.

एरवीही टाळायच्या काही गोष्टी आहेत. चेकडिस्क हे विंडोजचे साधन फाइल-व्यवस्था नीट लावण्यासाठी डिस्कवर लिहिते आणि तिचा कोपरान् कोपरा चाळते; कमकुवत डिस्कसाठी ही दोन्ही कामे जोखमीची आहेत, म्हणून फोटो बाहेर येईपर्यंत ते चालवू नये. डीफ्रॅगमेंट, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचे काम, करू नये. संगणक चालताना विचारू लागला की डिस्क तपासू का, तर नकार द्यावा. नवे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये. क्रिस्टलडिस्कइन्फोचीही पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती मिळते, ती वापरावी. लॅपटॉप सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवावा, चार्जर जोडलेला असावा आणि काम सुरू असताना तो उचलू नये.

फोटो कुठे कुठे असतात

‘पिक्चर्स’ फोल्डर उचलले म्हणजे झाले, असे सहसा होत नाही. घरातल्या संगणकावर फोटो डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात आणि ‘नवीन फोल्डर ३’ अशा नावांखाली विखुरलेले असतात. पिकासा हे फोटो पाहण्याचे व सुधारण्याचे सॉफ्टवेअर वापरत असलेल्यांनी जास्त जपावे: गूगलने ते २०१६ मध्ये बंद केले, तरी अनेक संगणकांवर ते अजून आहे, आणि त्यात फोटो सुधारून जतन केला असेल तर मूळ फोटो त्याच फोल्डरमधल्या एका लपवलेल्या उपफोल्डरमध्ये राहतो. म्हणून एकेक फोटो न निवडता पूर्ण फोल्डर उचलावे. मॅकवर फोटो लायब्ररी एकच फाइल असल्यासारखी दिसते. ती आतून न उसकता जशीच्या तशी न्यावी. आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप शोधायला जाल तर त्यात एकही फोटो नावाने दिसणार नाही, कारण आतल्या फायलींना सांकेतिक नावे असतात. तोही संपूर्ण फोल्डर म्हणूनच घ्यावा.

वनड्राइव्ह किंवा आयक्लाउड चालू असेल, तर काही फोटो संगणकावर केवळ नावापुरते असतात आणि मूळ फाइल सर्व्हरवर असते. ढगाचे चिन्ह असलेल्या अशा फायलींपायी मरणासन्न डिस्क राबवू नये, त्या नंतर दुसऱ्या संगणकावरून सावकाश उतरवून घेता येतात. त्याआधी दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यात लॉगिन करून त्या खरोखर तिथे आहेत, एवढे पाहावे.

आणखी एक काम संगणक चालू असतानाच उरकावे. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सांकेतिक कुलपाने बंद असू शकते, कित्येकदा मालकाच्या नकळतही. तशी असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. शोधून कागदावर लिहून ठेवावी.

प्रत काढणे

फोटो ठेवण्यासाठी नवी किंवा खात्रीची बाह्य डिस्क घ्यावी. पेन ड्राइव्ह तात्पुरत्या वाहतुकीसाठी चालेल, कायमच्या मुक्कामासाठी नाही. डिस्क फॅट३२ प्रकारे फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही आणि लांब व्हिडिओ नेमके तिथे अडतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावे.

प्रत नेहमी ‘कॉपी’ करून काढावी, ‘कट’ करून कधीही नाही. आधी ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही असे फोटो: जुने स्कॅन केलेले, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले, घरातल्या गेलेल्या माणसांचे. नातेवाइकांकडे किंवा फोनवर मिळू शकतील असे फोटो त्यानंतर. गाणी, चित्रपट आणि सॉफ्टवेअर शेवटी, किंवा नाहीच. एका वेळी एकच फोल्डर घ्यावे आणि ते पूर्ण झाल्यावर पुढचे; दोन-तीन कामे एकदम लावली, तर हेड इकडून तिकडे धावत राहते आणि वेग तर घटतोच, शिवाय ताणही वाढतो.

विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून प्रत काढताना एक खराब फाइल लागली, की सगळे काम अडून बसते. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा इथे उपयोगी पडते, परंतु तिच्या मूळ सवयी या कामाला घातक आहेत. फाइल वाचता आली नाही तर ती १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते, म्हणजे एका बिघडलेल्या फोटोपायी जवळजवळ वर्ष जाईल. म्हणून प्रयत्नांची संख्या ठरवणारा ‘आर’ आणि थांबण्याचा वेळ ठरवणारा ‘डब्ल्यू’ हे दोन्ही पर्याय १ वर ठेवावेत, उपफोल्डर घेण्यासाठी ‘ई’ जोडावा आणि नोंदवही बाह्य डिस्कवरच लिहायला सांगावे, म्हणजे कोणत्या फायली राहिल्या ते नंतर कळते. ‘मिर’ हा पर्याय वापरू नये. मूळ ठिकाणी जे नाही ते तो प्रतीतूनही पुसून टाकतो.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची बूट होणारी पेन ड्राइव्ह तयार करून तिच्यावरून संगणक चालवावा. स्थापना न करता केवळ ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडला, की डिस्कवर काहीही न लिहिता फोटो बाहेर काढता येतात. माझ्या मते विंडोज रडतखडत सुरू होत असले तरी हाच मार्ग बरा, कारण विंडोज पडद्यामागे सतत काही ना काही वाचत-लिहीत असते.

फायली वारंवार अडत असतील, तर त्या एकेक ओढत बसण्यापेक्षा पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये, घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड जागा बाजूला ठेवते, त्यांच्याकडे अखेरीस वळते आणि सगळी प्रगती एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवते, त्यामुळे मध्येच काम थांबले तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येते. यासाठी रिकामी जागा मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त लागते. आज्ञा देताना मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणते, हे आकारावरून दोनदा ताडून पाहावे; इथली अदलाबदल म्हणजे रिकाम्या डिस्कने फोटो पुसून टाकणे. पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर करावेत. फोल्डरांची रचनाच कोलमडली असेल, तर फोटोरेक हे साधन प्रतिमेतून फायली त्यांच्या ठेवणीवरून ओळखून काढते, मात्र त्यांची मूळ नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत. फोटो घेतल्याची तारीख बहुधा फोटोच्या आतच असते, तिच्या आधारे त्यांची पुन्हा वर्षवार विभागणी करता येते.

प्रत तपासणे आणि दुसरी प्रत

प्रत निघाली म्हणजे फोटो वाचले, असे नाही. लहान चित्रे पाहून समाधान मानू नये, कारण लहान चित्र फोटोच्या आत वेगळे साठवलेले असते आणि मुख्य फोटो अर्धा करडा झालेला असला तरी ते स्वच्छ दिसू शकते. प्रत्येक फोल्डरमधले काही फोटो पूर्ण आकारात उघडावेत, व्हिडिओ मधून आणि शेवटाकडून चालवून पाहावेत आणि शून्य आकाराच्या फायली शोधाव्यात. ही तपासणी दुसऱ्या संगणकावर करावी.

यानंतर लगेच दुसरी प्रत काढावी, आणि ती पहिल्या प्रतीवरून; जुन्या डिस्कला आता पुन्हा हात लावू नये. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड सोयीचा, पण सेटिंग पाहावे. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून मोफत जागा एकूण १५ जीबीपुरती आहे, आणि ‘स्टोरेज सेव्हर’ निवडले असेल तर फोटो दाबून साठवले जातात. मूळ दर्जा हवा असेल तर तो निवडावा लागतो. शिवाय फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जाऊ शकतो, म्हणून क्लाउडवर आहेत या भरवशावर बाह्य डिस्क रिकामी करू नये. नातेवाइकाकडे ठेवलेली दुसरी बाह्य डिस्कही हे काम तितकेच चोख करते.

जुनी डिस्क दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवावी. भंगारात देताना तिच्यावर बँकेची कागदपत्रे आणि पासवर्डही असतात हे ध्यानात घेऊन ती आधी पुसावी. पुसता येण्याच्या स्थितीत नसेल, तर फिरत्या डिस्कच्या तबकड्या आरपार छिद्रे पाडून निकामी कराव्यात, आणि एसएसडी असेल तर तिच्यातली प्रत्येक मेमरी चिप फोडावी.