छोट्या गावात फिजिशियन शोधताना या चुका टाळा

लहान गावात फिजिशियन, म्हणजे मोठ्यांचे आजार औषधांनी बरे करणारा तज्ज्ञ डॉक्टर, असतो एक, फार तर दोन. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला कोण’ हा प्रश्न फार वेळ खात नाही. वेळ घालवावा असे प्रश्न वेगळेच आहेत. ते रोज गावात असतात का, पेशंट अ‍ॅडमिट करून घेतात का, आणि आपलं कोणतं दुखणं त्यांच्याकडे न्यायचं? गडबड होते ती इथेच.

अंगावर आल्यावर शोधाशोध

ताप उतरत नाही, रात्र झालीय, आणि मग ओळखीपाळखीत फोन फिरवायला सुरुवात. त्या वेळी जो भेटेल तो आपला डॉक्टर ठरतो. चाळिशी ओलांडली असेल किंवा बीपी, शुगर, थायरॉइडची गोळी चालू असेल, तर तब्येत ठीक असतानाच एकदा जाऊन या. त्या भेटीत वजन, बीपी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), ईसीजी यांची नोंद झाली की पुढे तुलनेला आधार मिळतो. छातीत दुखतंय म्हणून काढलेल्या ईसीजीत काही वेडंवाकडं दिसलं, तर डॉक्टर पहिलं विचारतात, ‘जुना ईसीजी आहे का?’ बदल नवा आहे की आधीपासूनचा, हे त्याच कागदावरून कळतं. तो कागद बहुधा थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापला जाणारा, असतो आणि काही वर्षांत त्यावरच्या रेघा उडून जातात. घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

पाटीवर ‘एमडी’ वाचून आत शिरणं

एमडी कशात, ते वाचा. भारतात एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी असतं आणि ते मेडिसिनमध्ये असतं तसंच पॅथॉलॉजी, त्वचारोग, भूलशास्त्र अशा विषयांतही असतं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीतही एमडी होतं. आपल्याला हवं ते ‘एमडी मेडिसिन’ किंवा त्याच तोडीचं ‘डीएनबी मेडिसिन’. (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, तर ब्रिटनमध्ये फिजिशियनच्या नावापुढे एमआरसीपी दिसतं. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाचा सल्ला पाटीशी जुळवताना जरा सांभाळून.) शंका असेल तर प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत शोधता येतो. डॉक्टरांची परीक्षा घ्यायची गरज नाही. रिसेप्शनवर ‘डॉक्टर मेडिसिनचे एमडी ना?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

लागलीच आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. हे डॉक्टर इथलेच, की ठरावीक वारी बाहेरून येणारे? आणि बाकीच्या दिवशी, रात्री कोण असतं? महिन्यातून दोनदा येणारा तज्ज्ञ शुगरच्या तपासणीला चांगलाच उपयोगी, पण न्यूमोनिया त्याच्या वाराची वाट पाहत नाही.

प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. धडधड होते म्हणून हृदयवाला, पायाला सूज म्हणून किडनीवाला, थकवा येतो म्हणून आणखी कुणी. तेही प्रत्येक वेळी लांबच्या शहरात. धाप, थकवा, सूज, धडधड यांच्या मागे रक्त कमी असणं, थायरॉइड, किडनी, हृदय यांपैकी काहीही असू शकतं, कधी एकदम दोन गोष्टी असतात. हा गुंता सोडवणं हेच फिजिशियनचं काम. पुढे कुणाकडे जायचं, आणि जायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. (लहान मुलांचं आणि ऑपरेशनचं मात्र इथे काम नाही.)

चार डॉक्टर झाले की औषधांचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेलं नाव असतं आणि मूळ औषधाचं वेगळं. एका डॉक्टरने दिलेली गोळी आणि दुसऱ्याने दिलेली गोळी, नावं वेगळी, रंग वेगळे, पण मूळ औषध दोन्हीकडे ‘टेल्मिसार्टन’. म्हणजे बीपीचं एकच औषध दुप्पट. त्यात गुडघ्यासाठी वेदनाशामक आणि लघवी वाढवणारी गोळी रोज चालू असेल, तर या तिघांचा मिळून किडनीवर ताण येतो. वयस्कर माणसात, उलट्या-जुलाबांत तर जास्तच. म्हणून ‘ती पांढरी गोळी, सकाळची’ असं सांगू नका, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. गोळ्या कापून घेताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शिल्लक राहील असं बघा.

आणि फॅमिली डॉक्टरांना वगळून जाऊ नका. त्यांच्या दोन ओळींच्या चिठ्ठीत आजवर काय दिलं आणि काय सोसलं नाही, हे असतं. फिजिशियनला ती जाड फाइलपेक्षा लवकर कळते.

ओळखीचा संकोच

लहान गावात कंपाउंडर शेजारी राहतो आणि औषधवाला भावाचा मित्र असतो. मग दारू, तंबाखू, झोपेची गोळी, कुणीतरी दिलेली पुडी यांतलं काही सांगायचं राहून जातं. पुडीत स्टेरॉइड असेल तर शुगर वाढते, आणि ती का वाढली हे डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. ‘जरा एकट्याने बोलायचंय’ म्हणा, तपासायच्या खोलीत बोला, पण सांगा.

दुसरं मत घेतानाही तोच संकोच आड येतो, ‘डॉक्टरांना काय वाटेल?’ मग गुपचूप दुसरीकडे जाणं आणि त्याच तपासण्या पुन्हा करणं होतं. सरळ सांगून, रिपोर्टच्या प्रती घेऊन जा. यावर रागावणारा डॉक्टर असेल, तर तीही माहितीच समजा.

आठवड्यात फरक नाही, डॉक्टर बदला

एचबीए१सी ही रक्ततपासणी शुगरची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, थायरॉइडचा डोस बदलल्यावर त्याची टीएसएच तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात. तेवढं थांबा. त्रास वाढला तर अर्थातच लगेच दाखवा.

इमर्जन्सीत ओपीडीत रांग

तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली (ही पक्षाघाताची लक्षणं), तर फिजिशियनच्या दवाखान्यात बसून राहू नका. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला थेट निघा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुतेक वेळा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि ते सीटीनंतरच देतात. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तरी रांगेत न बसता थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेहींना हार्ट अटॅक न दुखताही येतो, नुसती धाप किंवा घाम येतो. सीटी जवळात जवळ कुठे आणि रात्री चालू असतो का, हे आजच विचारून ठेवा.

गावात फिजिशियनच नसेल तर

रोजचं फॅमिली डॉक्टरांकडे, दूरचे फिजिशियन व्हिडिओवर, आणि वर्षातून एक-दोनदा प्रत्यक्ष भेट, अशी सोय बऱ्यापैकी चालते. कॉलच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, लागोपाठ दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चांगला आलेला तेवढा निवडू नका. छाती ऐकणं, पोट चाचपणं, सुजेवर बोट दाबून खड्डा पडतो का ते पाहणं कॅमेऱ्यातून होत नाही. म्हणून जमेल तेव्हा कॉल फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावरूनच लावा. तिकडून प्रश्न येईल, इकडे हात तपासेल.