पहिल्या शॉर्टफिल्मला बॅकग्राउंड म्युझिक देताना

“पंधरा मिनिटांची तर फिल्म आहे, आठवड्यात होईल ना?” असा फोन आला की लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, एडिट लॉक झालंय का, म्हणजे आता कापाकापी होणार नाही ना? मला पहिल्या वेळी ‘झालंय’ म्हणून सांगितलं. चार रात्री जागून काम संपवलं आणि पाचव्या दिवशी मधले दोन सेकंद उडाले. दोनच सेकंद, पण पुढचा एकही ठोका जागेवर राहिला नाही. आता चित्रावर टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा, छापलेली लॉक फाइल हातात पडेपर्यंत मी पेटी उघडत नाही.

मग दिग्दर्शकाला शेजारी बसवून संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार ते वहीत लिहून घ्या. एडिटरने कामापुरतं कुठलं तरी गाणं लावलेलं असतं, ते काढूनच फाइल मागा. दिग्दर्शकाच्या कानात ते महिनाभर मुरलेलं असतं, निदान तुमच्या तरी नको.

आता खरी मजा. माझ्या एका सीनमध्ये संगीत सुरू झाल्यावर बरोबर १४ सेकंदांनी बाबा घर सोडतात, दार बंद होतं. मी दादरा धरला होता, म्हणजे सहा मात्रांचं आवर्तन: पहिली मात्रा वजनदार सम, चौथी हलकी ‘खाली’. टेम्पो ९०, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा. सेकंद गुणिले टेम्पो भागिले ६०, म्हणजे २१ मात्रा होतात आणि दार येतं बाविसाव्या मात्रेवर, चौथ्या आवर्तनाच्या ‘खाली’वर. टेम्पो १०३ केला की २४ मात्रा पुऱ्या होऊन दार समेवर, चूक अर्ध्या फ्रेमहून कमी. दिग्दर्शकाला समच हवी होती. दोन्ही करून ऐकवलं. समेवर बाबा ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात टाळी घेऊन एक्झिट घेतल्यासारखे गेले. ‘खाली’वर गेले तेव्हा घर रिकामं झालं. ‘खाली’च राहिली.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ परवडत नसेल तर घर चालतं. माझं कळव्याला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. शेवटची लोकल गेली की खिडकीला दोन गोधड्या लावून बसते. मालगाडीला मात्र वेळापत्रक नसतं, तेव्हा प्रत्येक तुकडा तीनदा वाजवून ठेवा.

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे फिल्मच्या आवाजाचं नेहमीचं माप. पेटी, ताल, तंतुवाद्यं वेगवेगळी द्या आणि सगळ्यांची सुरुवात एकाच टाइमकोडला ठेवा. संवादाखाली तबला नडला तर मिक्सिंगवाला तेवढाच खाली घेईल, नाहीतर अख्खं संगीत दाबेल.

आणि कागद. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेर फिल्ममधून तुमचं संगीत वापरलं गेलं तर रॉयल्टीतला वाटा तुम्ही सही करूनही सोडू शकत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आपल्यासाठी ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर हे वाक्य समोर ठेवा. निम्मे पैसे आधी घ्या. “बघू की नंतर” असं उत्तर आलं, तर फाइल पाठवायची घाई तुम्हालाही नाही.