नातवंडांना घेऊन खळं करताना

दसरा झाला आणि पावसानं पाठ फिरवली की आमच्या राजापूर तालुक्यात घरोघर चोपण्याचा आवाज सुरू होतो. चार महिने पागोळ्यांनी अंगणाला खाचा पाडलेल्या असतात, शेवाळ धरलेलं असतं, गवत तर गुडघ्याला लागतं. माणसं लावली तर खळं, म्हणजे चोपून सारवलेलं अंगण, दोन दिवसांत होतं. पण मी मुंबईच्या नातवंडांना सुटी लागेपर्यंत थांबते. चौघं आहेत, धाकटा पाच वर्षांचा, थोरली तेरा. त्यांना घेऊन चार दिवस लागतात, आणि ते चार दिवस मला वर्षभर पुरतात.

पोरांना अंगणात सोडण्याआधी मोठ्या माणसानं नारळाची झापं, लाकडं, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचे दगड काठीनं हलवून बघायचे. आमच्याकडे लाल विंचूही आहे आणि फुरसं हा विषारी सापही. दोन्हीपैकी काही चावलं तर उतारा, मंत्र यांत वेळ न घालवता सरळ आरोग्य केंद्र गाठायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावणं खूप कमी झालंय. ज्याच्या पायाला जखम असेल त्याला चिखलात उतरवू नका, लेप्टोस्पायरोसिसची, जखमेतून शिरणाऱ्या तापाची, भीती असते. त्याला पाणी शिंपायला ठेवा.

पहिला दिवस गवताचा. आदल्या संध्याकाळी पाणी मारलं की मुळं सैल होतात. शर्यत लावायची ती ढिगाची नाही, मुळांची. मुळासकट निघालेलंच मोजायचं, म्हणजे नुसते शेंडे तोडून कुणी जिंकत नाही. आघाड्याची बोंडं कपड्यांना चिकटतात, सुकलेल्या टाकळ्याच्या शेंगा खुळखुळतात, लाजाळूपाशी तर धाकटा अर्धा तास बसून असतो. बसू द्यावं. गडग्यावरच्या वेलाला कारिटं, ती छोटी कडू फळं, दिसली तर ती तोडून सुपात ठेवायची. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे अंगठ्यानं फोडताना ‘हे मी शोधलेलं’ असं म्हणायला मिळालं पाहिजे.

मग कुदळीनं दोन-तीन इंच उकरायचं. कुदळ मोठ्यांनीच धरायची. पोरांनी दगड वेचायचे, ढेकळं फोडायची. उतार कुठे आहे हे त्यांनाच ठरवू द्या: तांब्याभर पाणी ओतायचं आणि कुठे धावतं ते बघायचं. पाणी घराकडे आलं तर तिथे माती चढवायची.

आता चिखल, आणि खरी मजा इथेच. पाणी बेतानं शिंपत माती तुडवायची. पुरी भिजली की नाही हे कळायला मातीचा लाडू वळून कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. पसरला तर पाणी जास्त, फुटला तर कमी, नुसता बसला तर जमलं. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे आमच्याकडे तुडवणं पाढ्यांवर चालतं. एकमेकांचे खांदे धरून रांग करायची आणि दर पावलाला एक आकडा. तेराचा पाढा मधल्या नातवाला असाच पाठ झाला, एक्क्याण्णवला पाय घसरला म्हणून तो आकडा तर कायमचाच. तुडवून झालं की फळीनं सारखं करायचं आणि ओली तवसं, म्हणजे काकड्या, मिठाबरोबर खायला बसायचं.

पुढे घाई करायची नाही. साधारण एक दिवस जाऊ द्यावा. अंगठा दाबला तर ठसा उठतो पण माती बोटाला लागत नाही, ती वेळ चोपण्याची. माती ठोकायचं मोठं लाकडी चोपणं पोरांना झेपत नाही. मी सुताराकडून मोडक्या बॅटीची छोटी चोपणी करून घेतली आहेत. सगळ्यांनी एका दिशेनं तोंड करून मागे मागे सरकायचं. समोरासमोर बसलं की बोटांवर बसतंच. माती पुरेशी दबली की आवाज बदलतो, ‘थप्प’चा ‘टण्ण’ होतो. कान लावून तो ओळखायला शिकवा.

शेवटी सारवण. ताजं शेण पिठल्याएवढं सैल करायचं आणि भिंतीकडून सुरुवात करून हाताच्या अर्धगोलांनी मागे यायचं. जुन्या सेलमधली काळी पूड रंगासाठी घालायची रीत होती, ती मुलांच्या हाताखाली मुळीच नको. शेणाला हात लावायची सक्ती मी करत नाही. थोरलीनं पहिल्या वर्षी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. तिनं चार ओढी काढल्या, पण पिशवीला सुरकुत्या पडत होत्या आणि रेघा उमटत होत्या. तिनं आजूबाजूला बघितलं, पिशवी काढली आणि तळवा टेकवला. “आजी, गार आहे गं!” म्हणाली. पुढचा अर्धा कोपरा तिनं एकटीनं सारवला.

त्याच दुपारी शेजारचा कुत्रा ओल्या खळ्यातून चालत गेला. पुसायला निघाले तर चौघंही आडवी आली. तो माग तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच ठेवला आणि रांगोळी त्याला वळसा घालून काढली. दर आठ दिवसांनी पातळ हात फिरवला की खळं पावसापर्यंत टिकतं. चोपणी धुऊन, वाळवून, तेलाचं बोट लावून माळ्यावर ठेवली आहेत, प्रत्येकावर नाव घालून.