जुन्या ट्रकचं ऑईल: रंगावर जाऊ नका, बोटांत घासून बघा

ड्रायव्हर गॅरेजवर येतो आणि वाक्य ठरलेलं: "उस्ताद, ऑईल काळं झालंय, बदला." अहो, डिझेल इंजिनचं ऑईल काळं होणारच! काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग गेज (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) काढा. थेंबभर ऑईल अंगठा आणि तर्जनीत घासा. कचकच लागली तर धूळ आत जातेय. आधी एअर फिल्टर आणि त्याचा होज बघा. ऑईल पातळ, डिझेलचा वास आणि गेजवर पातळी वर चढलेली? बहुधा नोझल (डिझेल फवारणारा भाग) गळतंय किंवा इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं सील गेलंय. दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी चालूच करू नका. पाणी शिरलंय, हेड गॅस्केट आणि ऑईल कूलर तपासा.

ऑईल शक्यतो १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा आकडा), दर्जाचा ग्रेड कंपनीच्या पुस्तकात असेल तो किंवा त्यावरचा.

ऑईल फिल्टर घेताना "आटे बसतात ना, मग झालं" असं म्हणणारा दुकानदार टाळा. आटे आणि गॅस्केट सारखं असलं तरी आतल्या बायपास व्हॉल्व्हचा (फिल्टर तुंबला तर ऑईलला वाट देणारी झडप) दाब वेगळा असू शकतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. गॅस्केटला ऑईलचं बोट लावा, फिल्टर हातानेच आवळा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढणाऱ्याच्या शिव्या खातो.

जुना फिल्टर मात्र फेकू नका. कापा, कागद पिळून उन्हात पसरा, लोहचुंबक फिरवा. चिकटला तो लोखंडाचा कीस. न चिकटणारी तांबूस चमक दिसली, तर चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) उतरवून बेअरिंग बघा.