कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फ्रेंच पूर्वजांचा माग कसा काढावा

सुरुवात जन्मनोंदीपासून नको, लग्नाच्या नोंदीपासून करा. कॅथलिक चर्चच्या वहीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आईचे तर माहेरच्या आडनावासकट. एक नोंद मिळाली की मागची दोन जोडपी हाती येतात. मग त्यांची लग्ने शोधायची. दुसरेपणाच्या लग्नात मात्र पुष्कळदा आईवडिलांऐवजी वारलेल्या जोडीदाराचेच नाव असते. तिथे आधीचे लग्न शोधावे.

1621 पासूनच्या नोंदवह्यांची पाने फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. माँट्रियाल विद्यापीठाच्या पीआरडीएच या जुन्या लोकसंख्येच्या संशोधन प्रकल्पाने याच नोंदींतून कुटुंबे जुळवली आहेत. तिथे दुवा मिळाला तरी मूळ पान उघडून वाचाच. 1640 च्या आगीत क्वेबेक शहराच्या वह्या जळाल्या आणि पुढे आठवणीवरून लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्याआधीच्या तारखा जपून घ्या.

खरी दमछाक आडनावांत होते. 'मिव्हिल दी देशेन' यातला 'दी' म्हणजे 'ऊर्फ'. हे दुसरे नाव सैन्यात पडलेले असे, गावावरून किंवा जमिनीवरून आलेले असे. पुढे एक मुलगा मिव्हिल लावी, दुसरा देशेन, आणि एकच माणूस लग्नात एका नावाने तर दफनाच्या नोंदीत दुसऱ्या नावाने सापडतो. म्हणून दोन्ही आडनावांनी शोधा. अमेरिकेत गेलेल्यांची नावे तर भाषांतरित झाली: बुआव्हेरचे ग्रीनवुड, रुआचे किंग, लब्लाँचे व्हाइट.

बायकांच्या बाबतीत काम सोपे आहे. लग्नानंतरही चर्चच्या आणि नोटरीच्या (करारनामे लिहून नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कागदांत त्यांचे माहेरचेच आडनाव राही. त्यामुळे नवऱ्याचे आडनाव बदलत गेले तरी बायकोच्या नावावरून कुटुंब ओळखता येते. शोध एकट्या माणसाचा न करता जोडप्याचा करा, असे सांगतात ते यासाठीच.

पाळण्यातल्या नावांनीही फसायला होते. मुलींना 'मारी' आणि मुलांना 'जोझेफ' हे नाव आधी जोडण्याची रीत पुढे फार पसरली. रोजच्या वापरातले नाव बहुधा शेवटचे असे. नाव धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचेही ठेवत. मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव देत, म्हणून एका घरात दोन 'पिएर' दिसले की आधी दफनाच्या नोंदी पाहा. नाहीतर वारलेल्या बाळालाच पूर्वज धरून बसाल.

तारखांत नेहमीची चूक अशी: '7bre' हा जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. 8, 9 आणि X लावलेले महिने म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. शिवाय नोंदीवरची तारीख बाप्तिस्म्याची असते. 'काल जन्मला' अशा अर्थाचे शब्द असतील तर जन्म आदल्या दिवशीचा धरा.

लग्नाच्या नोंदीत नात्याची सूट, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चने दिलेली परवानगी, दिसली तर ती सोडू नका. नात्याची तिसरी-तिसरी पायरी म्हणजे वधू-वरांचे पणजोबा-पणजी एकच. मध्येच तुटलेली फांदी यावरून जुळते.

फ्रान्सहून आलेल्या पहिल्या पूर्वजापर्यंत पोहोचलात की नोटरीकडचा विवाहकरार काढा. त्यात बऱ्याचदा त्याचे फ्रान्समधले गाव आणि धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) मिळतो. पण करार होऊनही काही लग्ने मोडत, तेव्हा चर्चची नोंद सापडेपर्यंत ते जोडपे वंशावळीत पेन्सिलीनेच लिहा.