कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसाची आठवण कशी लिहून ठेवावी

कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या पोलिसाचा पहिला स्मृतिदिन गाव विसरत नाही. ठाण्यातले सहकारी येतात, शाळेची मुले रांगेत उभी राहतात, तसबिरीला हार पडतो आणि भाषणे होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र चौकातल्या फलकावर फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढेच उरते, आणि फलकासमोर उभ्या असलेल्यांपैकी अनेकांना तो माणूस शेवटी कोणत्या ठाण्यात नेमणुकीला होता हेही सांगता येत नाही. माणसे कृतघ्न असतात म्हणून असे होत नाही. त्याच्या आयुष्याची हकिकत कोणी बसून लिहून घेतलेली नसते, म्हणून होते. वीस-पंचवीस पानांची एक साधी स्मृतिपुस्तिका ही उणीव भरून काढू शकते. असे काम मी तीन कुटुंबांसाठी केले आहे आणि त्यात ज्या चुका झाल्या, त्या इतरांकडून होऊ नयेत यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात घरापासून करावी, आणि परवानगी घेऊनच करावी. पत्नी, आई-वडील आणि मुले यांचे म्हणणे एकच असेल असे गृहीत धरू नये. एखाद्या आईला मुलाविषयी दिवसभर बोलायचे असते, तर त्याच घरातल्या सुनेला तो विषयही सहन होत नाही. पहिल्या भेटीत वही उघडू नये. मृत्यूला निदान सहा महिने होईपर्यंत थांबावे, कारण तोवर घर कागदपत्रे, निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्तीच्या अर्जांमध्ये अडकलेले असते, आणि त्या धावपळीत आपण आणखी एक फॉर्म घेऊन आलो आहोत असे त्यांना वाटू शकते. कोणती गोष्ट छापायची नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार कुटुंबाचा आहे, हे आपणहून आणि स्पष्ट शब्दांत सांगावे.

तारखांचा विचारही आधीच करून ठेवावा. मृत्यूचा दिवस हा कुटुंबाचा दिवस असतो. २१ ऑक्टोबर हा देशभरातील सर्व हुतात्मा पोलिसांचा दिवस आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, बेपत्ता झालेल्या साथीदारांच्या शोधात निघालेल्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि दहा पोलीस जवानांना वीरमरण आले. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला परत मिळाले आणि त्याच ठिकाणी त्यांच्यावर पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या परेडमध्ये आधीच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावे वाचली जातात. हे कुटुंबाला आधी सांगणे फार गरजेचे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेल्या माणसाचे नाव त्याच महिन्यातल्या परेडमध्ये येत नाही, ते पुढच्या वर्षी येते; आणि हा हिशेब माहीत नसलेले कुटुंब मैदानावरून 'आमच्या माणसाला विसरले' असे समजून परत जाते. मी एका वडिलांना असे परतताना पाहिले आहे.

यानंतर नोंदी गोळा कराव्यात. पूर्ण नाव, जन्मतारीख, भरतीचे वर्ष, प्रशिक्षण कोठे झाले, बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), प्रत्येक नेमणुकीचे ठिकाण आणि काळ, मृत्यूच्या दिवशीचा हुद्दा ही माहिती आठवणीवर विसंबून लिहू नये, कागदावरून लिहावी. यातला बराचसा तपशील सेवापटात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात असतो, आणि त्याची प्रत मिळावी असा अर्ज वारसाच्या सहीने घटक कार्यालयात (पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात) देता येतो. सेवापटातील बक्षिसांच्या नोंदी बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात. तेथे थांबावे. बक्षिसाची रक्कम किरकोळ असते, पण 'चोरीस गेलेली मोटारसायकल शोधली' किंवा 'हरवलेले मूल पालकांच्या ताब्यात दिले' अशी एक ओळ म्हणजे एका दिवसाची पूर्ण गोष्ट असते, आणि त्या दिवशी सोबत असलेला सहकारी अजून कोठेतरी नोकरीत असतो.

हुद्द्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. आम्ही पहिल्याच वेळी एका गावात ग्रॅनाइटचा स्मृतिफलक बसवला, तेव्हा फलक तयार करणाऱ्याला दिलेला मजकूर जुन्या ओळखपत्रावरून उतरवलेला होता. अनावरणाच्या दिवशी पडदा बाजूला झाला, त्याच्या थोरल्या भावाने पुढे येऊन कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि 'पोलीस शिपाई' या शब्दांवर ते थांबले. हवालदारपदाच्या बढतीचा आदेश मृत्यूच्या चार महिने आधी आला होता आणि त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले होते. भाऊ कोणाला काही बोलले नाहीत. फलक दोन महिन्यांनी बदलला, तरी ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून नाव आणि हुद्दा असलेली ओळ मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कुटुंबातील दोघांना वेगवेगळी वाचायला देतो आणि त्यांच्या सह्या घेतो. नावातला ऱ्हस्व-दीर्घही या वेळीच नक्की होतो.

'शहीद', 'हुतात्मा' आणि 'वीरमरण' हे शब्द वापरताना भावनेबरोबर विवेकही ठेवावा. 'शहीद' ही दलांच्या कागदपत्रांतील अधिकृत संज्ञा नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. म्हणून कार्यालयाला पाठवायच्या पत्रात मूळ आदेशात असेल तीच शब्दरचना ठेवावी. पुस्तिका मात्र आपली असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे 'हुतात्मा' या शब्दाला मराठीत जे वजन आले आहे, ते पोलिसाच्या बलिदानालाही शोभते असे मला वाटते. महामार्गावर वाहतूक नियंत्रण करताना भरधाव गाडीने उडवलेला, पुरात लोकांना काढताना वाहून गेलेला, करोनाच्या साथीत नाकाबंदीवर उभा राहून आजारी पडलेला पोलीसही कर्तव्यावरच गेलेला असतो. गोळी लागून आलेला मृत्यू तेवढा मोठा आणि बाकीचे लहान, अशी प्रतवारी पुस्तिकेत कोठेही डोकावू देऊ नये.

या कामाचा गाभा म्हणजे माणसांशी बोलणे, आणि वेळही त्यालाच सर्वांत जास्त द्यावा. 'तो कसा होता?' असे विचारले की 'फार चांगला होता, मनमिळाऊ होता' हेच उत्तर मिळते आणि त्या उत्तरात तो माणूस कोठेच सापडत नाही. त्याऐवजी लहान, नेमके प्रश्न विचारावेत. पहिल्यांदा कोठे भेटलात? बंदोबस्ताला निघताना पिशवीत काय काय असायचे? वरिष्ठ रागावले की तो काय करायचा? दिवाळीला सुटी मिळाली नाही, तर घरी फोन किती वाजता यायचा? पोलीस लाईनमधल्या शेजाऱ्यांना विसरू नये. भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसांना जे दिसते ते नातेवाइकांनाही दिसत नाही. एका पत्नीने सांगितले की रात्रपाळी संपवून पहाटे येताना ते जिन्यातच बूट काढायचे आणि पट्ट्याचे बक्कल मुठीत धरून आत यायचे, कारण त्याच्या आवाजाने लहान मुलगी जागी व्हायची. हे सांगताना त्यांनी स्वतःची मूठ नकळत आवळली होती. पुस्तिकेत त्यांच्या कामगिरीवर चार पाने आहेत; त्यांच्या मुलीने, आता ती बारावीत आहे, त्यातला हा परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित केला आहे.

सहकाऱ्यांना एकेकटे भेटावे. गटात बसले की सर्वांत वरिष्ठ बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. ज्याच्यासोबत रात्रगस्त केली, तो जोडीदार सर्वांत मोलाचा, आणि बोलायलाही तोच सर्वांत जड. कारण त्या दिवशी आपण सोबत असतो तर, हा विचार त्याला सोडत नाही. त्याच्याकडून मृत्यूच्या दिवसाची हकिकत काढून घेण्याचा प्रयत्न करू नये. रोजच्या कामापासून सुरुवात करावी. असाच एक हवालदार तासभर गप्प बसला होता आणि मग म्हणाला, "बाजारपेठेतून जाताना तो विजेच्या खांबावर काठीने दोनदा टकटक करायचा. शेवटच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात, त्या आतून म्हणायच्या, जा रे बाबा, जागी आहे मी." आम्ही त्या आजींना जाऊन विचारले. टकटक दोनदा नसायची, तीनदा असायची, एवढीच दुरुस्ती त्यांनी केली. प्रत्येक आठवण अशी दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावी. पडताळणीत आठवण क्वचितच खोटी ठरते, बहुतेक वेळा ती अधिक नेमकी होते.

लिहिताना विशेषणे कमी ठेवावीत. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र, सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे उदाहरण घ्यावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत, हातात फक्त काठी असताना, त्यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि अंगावर गोळ्या झेलूनही ती सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. या दोन-तीन वाक्यांत 'अतुलनीय' किंवा 'अजोड' असा एकही शब्द नाही आणि तसा शब्द घातला तर वाचकाची नजर त्या हातांवरून दूर जाईल. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले, तेही याच कृतीच्या स्मरणार्थ. आपल्या माणसाची कृती इतकी सर्वपरिचित नसेल, पण ती इतक्याच साधेपणाने सांगता येते: तो कोठे होता, हातात काय होते, समोर काय होते आणि त्याने काय केले.

मृत्यूची हकिकत एक ते दीड पानात संपवावी आणि ती पुस्तिकेच्या मध्यावर ठेवावी. सुरुवात बालपणाने किंवा भरतीच्या दिवसाने करावी, आणि मृत्यूनंतरच्या पानांवर लोकांच्या आठवणी घ्याव्यात, म्हणजे वाचणारा शेवटी त्या माणसाच्या सहवासात राहतो. मृतदेहाची किंवा घटनास्थळाची छायाचित्रे घेऊ नयेत. गणवेशातला एक फोटो आणि घरातला एक फोटो एवढे पुरते.

काही बाबतींत काटेकोर राहावे लागते. घटनेचा खटला न्यायालयात चालू असेल, तर आरोपीविषयी किंवा पुराव्याविषयी मत लिहू नये. प्रथम खबरीत जे नोंदलेले आहे त्यापलीकडे जाऊ नये. गडचिरोलीसारख्या भागातील कारवाई असेल तर मार्ग, ठाणी, खबरी आणि अजून तेथे नेमणुकीवर असलेल्या सहकाऱ्यांची नावे वगळावीत. त्याने तपास केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याचा उल्लेख करायचा असल्यास पीडितेची ओळख कोणत्याही मार्गाने उघड होता कामा नये, गावाच्या नावानेसुद्धा नाही. तयार मजकूर छापण्यापूर्वी त्याच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना वाचायला द्यावा.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम पाऊण तासाच्या आत संपवावा. मानवंदना, शोकशस्त्र (शस्त्रे उलटी धरून व्यक्त केलेला शोक) आणि बिगुल ही पोलिसांची शिस्तबद्ध परंपरा आहे; ती हवी असल्यास पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला महिनाभर आधी पत्र द्यावे, आणि मनुष्यबळाअभावी ती शक्य झाली नाही तर मुलांकडून तिची नक्कल करून घेऊ नये. दोन मिनिटे स्तब्धता आणि पुस्तिकेतील एका पानाचे वाचन एवढ्यातही कार्यक्रम पूर्ण होतो. कुटुंबाला व्यासपीठावर बसवायचे की समोरच्या रांगेत, हे त्यांनाच विचारावे. त्याच्या लहान मुलाच्या हाती ध्वनिक्षेपक देऊन 'बाबांविषयी दोन शब्द बोल' असे कधीही म्हणू नये. मदतीचा धनादेश द्यायचा असेल तर तो घरी जाऊन, छायाचित्रकाराशिवाय द्यावा.

दिल्लीत चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारकात, २३८ टन वजनाच्या तीस फुटी ग्रॅनाइट शिल्पाजवळ, शौर्यभिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांची नावे कोरलेली आहेत. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा ती ३४ हजार ८४४ होती. कुटुंबाची इच्छा असेल तर एकदा त्यांच्यासोबत तेथे जावे, भिंतीवरचे नाव शोधावे आणि त्याचा फोटो पुस्तिकेत लावावा. भिंतीवर नावापुरतीच जागा असते. बाकीचे सगळे आपल्या पानांत यायचे असते.

पुस्तिकेच्या किमान पाच प्रती जाड कागदावर काढून घ्याव्यात: एक घरी, एक त्याच्या शेवटच्या पोलीस ठाण्यात, एक तो शिकला त्या शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक लिहिणाऱ्याकडे. मूळ टिपणे, सह्या केलेले कागद आणि बोलण्याच्या ध्वनिफिती फेकू नयेत. त्या एका फाईलमध्ये तारखेनुसार लावाव्यात. पुस्तिका वाचून कोणी ना कोणी नवी आठवण घेऊन येतेच, आणि ती त्याच दिवशी सांगणाऱ्याच्या नावासह लिहून फाईलला जोडावी. खांबावर काठी वाजवणाऱ्या त्या पोलिसाच्या फाईलमध्ये आतापर्यंत चौदा पाने वाढली आहेत. सर्वांत अलीकडचे पान एका ट्रकचालकाचे आहे, ज्याची गाडी आठ वर्षांपूर्वी ऐन पावसात घाटात बंद पडली होती आणि जो दुरुस्ती होईपर्यंत मागच्या वळणावर बॅटरी दाखवत उभा राहिलेल्या पोलिसाचे नाव इतकी वर्षे शोधत होता.