ऐकू येतं, पण पोचत नाही: शाळेत जाताना अर्ज घेऊन जा

"ऐकू सगळं येतं हो त्याला, लक्षच देत नाही." शाळकरी मुलांसोबत काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर लगेच वाद घालत नाही. आधी मुलाला समोर बसवते.

चौथीतला एक मुलगा होता. त्याचे बाबाही चढ्या आवाजात हेच सांगत होते. शांत खोलीत त्याला दहा शब्द लिहायला घातले, आठ बरोबर लिहिले. मग पंखा लावला, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि आणखी दहा शब्द घातले. भाकरीची 'बाकरी' झाली, खडूचा 'गडू' झाला. चारच बरोबर आले. पेन खाली ठेवून तो म्हणाला, "मॅडम, शब्द चिकटून येतात." हे काही निदान नव्हे. पण त्या दोन कागदांनी त्याच्या बाबांचा आवाज खाली आला.

निदान ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ करतात. साध्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो या तपासणीत, अशा मुलाचे कान बहुतेक वेळा उत्तमच निघतात आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू देऊ नका. कानांनी ऐकलेलं मेंदू नीट उलगडतो का, हे पाहणाऱ्या श्रवण-प्रक्रियेच्या चाचण्या स्पष्ट शब्दांत मागा: गोंगाटात बोलणं किती कळतं, दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले तर काय होतं. मूल साधारण सात वर्षांचं झाल्यावर या चाचण्या भरवशाच्या ठरतात. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत होणार का, हे आधीच विचारून घ्या. मुंबईत असाल तर बांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा.

आता शाळा. इथे बहुतेक पालक हात जोडून जातात, "जरा सांभाळून घ्या" म्हणतात आणि परत येतात. तसं करू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, अहवालाची प्रत जोडा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागणी नेमकी हवी. 'विशेष लक्ष द्यावे' या शब्दांचं वर्गात काहीच होत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पान ६२, तिसरे उदाहरण, वहीत सोडवा' अशी सूचना तोंडी दिल्यावर ती फळ्यावरही लिहावी. श्रुतलेखनात शब्द दोनदा, तोंड मुलाकडे करून सांगावा. गृहपाठ डायरीत लिहिलेला मिळावा.

"वाचन तर बरं आहे, मग कसली अक्षमता?" असं कुणी विचारलं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सोबत ठेवा. त्यातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या) व्याख्येत 'बोललेली किंवा लिहिलेली भाषा' उलगडण्यातली कमतरता असं आहे. बोललेली आधी आहे! कलम १६ नुसार अशा अडचणी लवकरात लवकर ओळखून उपाय करायचे असतात आणि कलम १७ मध्ये परीक्षेतल्या जादा वेळेचा उल्लेख आहे. परीक्षेच्या सवलतींसाठी मात्र सरकारमान्य केंद्राचं या अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. ते दहावीच्या वर्षावर ढकलू नका. रांगा मोठ्या असतात.

बाईंशी बोलताना आवाज चढवू नका. साठ मुलांच्या वर्गात त्या एकट्या उभ्या असतात. त्यांना दोष नको, नेमकं काय करायचं ते हवं असतं.

आणि जागा. पहिल्या बाकावर, खिडकी-पंख्यापासून दूर. बऱ्याच शाळांत दर आठवड्याला बाकं बदलतात आणि मूल पुन्हा मागे जातं, म्हणून 'ही जागा वर्षभर कायम ठेवावी' एवढं वाक्य अर्जात घालाच. महिन्याभराने मुलाला विचारा, "आज कुठे बसलास?"